डाव्या हाताचे मधले बोट

सातारा जिल्ह्यातील एका गावातून एका निवृत्त नायब सुभेदारांचे पत्र आले आहे. ओळख पटेल असा तपशील आणि पक्षांची नावे गाळून त्याचा सारांश असा :

‘‘१९८६ साली भरती झालो, २०१२ साली पेन्शनीवर आलो. धाकटा मुलगा हवालदार आहे, सध्या उत्तरेच्या सीमेवर असतो. त्याने मतदानासाठी मला आपला प्रतिनिधी, म्हणजे प्रॉक्सी, नेमले आहे. आमच्या घराचे मत तीस वर्षे एकाच पक्षाला जाते. पत्नी आणि सूनही मी सांगतो तिकडेच बटण दाबतात. गेल्या विधानसभेला मुलाने फोन करून सांगितले, ‘या खेपेला माझे मत दुसरीकडे टाका.’ मी केंद्रात गेलो आणि त्याचेही मत आमच्या जुन्याच पक्षाला टाकून आलो. त्याला मात्र ‘तू म्हणालास तसेच केले’ असे सांगितले. मला वाटले, पोरगा बहकला आहे. सैनिकाने एकदा दिलेली निष्ठा बदलू नये, ज्याचे मीठ खाल्ले त्याच्याशी बेइमानी करू नये. आता तो मोबाइलवर त्या दुसऱ्या पक्षाच्या नेत्याचे स्टेटस ठेवतो. आमचे बोलणे कमी झाले आहे. त्यातच तालुक्याच्या पुढाऱ्यांनी आमच्या माजी सैनिक संघटनेला जाहीर पाठिंब्याची गळ घातली आहे, ‘पदके लावून व्यासपीठावर या’ म्हणतात. मुलगा विचारतो, ‘मला शिकवता, मग तुमचे काय चालले आहे?’ रात्री झोप लागत नाही. माझे काय चुकले, आणि आता काय करावे?’’

राम राम, सुभेदारसाहेब.

तुमच्या पत्रातली सर्वांत अवघड गोष्ट तुम्ही न लिहिता ठेवली असती, तर ती कोणालाही कळली नसती. मत गुप्त असते. मुलाच्या मताचे तुम्ही काय केले हे निवडणूक अधिकारी सांगू शकत नाही, मुलगा शोधून काढू शकत नाही. तरीही तुम्ही ती लिहिलीत. त्यामुळे मीही आडवळणाने बोलणार नाही. तुमचे चुकले आहे. पण ज्या ठिकाणी चुकले असे तुम्हाला वाटते, त्या ठिकाणी नव्हे. ते नेमके कुठे हे सांगण्याआधी तुम्ही मीठ आणि निष्ठा हे जे दोन शब्द वापरले आहेत, त्यांच्यापाशी थोडे थांबू या, कारण असे पत्र लिहिणारे तुम्ही पहिले नाही आणि हे दोन शब्द जवळपास प्रत्येक पत्रात असतात.

मीठ कोणाचे? १९८६ ते २०१२ या तुमच्या सेवाकाळात देशाला आठ पंतप्रधान लाभले : राजीव गांधी, विश्वनाथ प्रताप सिंह, चंद्रशेखर, नरसिंह राव, वाजपेयी, देवेगौडा, गुजराल आणि मनमोहन सिंग. यांतले बरेचजण एकमेकांना सत्तेवरून खाली खेचून आले होते. तुमचा पगार मात्र एकाही महिन्यात कोणत्या पक्षाच्या तिजोरीतून आला नाही. तो भारताच्या संचित निधीतून आला, म्हणजे ज्याने तुमच्या पक्षाला मत दिले त्याच्याही कराच्या पैशातून आणि ज्याने विरोधात दिले त्याच्याही. ज्या मिठाची आठवण तुम्ही मुलाला करून देता, ते या सर्वांचे आहे.

आणि १९९९ चा उन्हाळा आठवा. त्या वर्षी १७ एप्रिलला वाजपेयी सरकार लोकसभेत एका मताने पडले होते. मे महिन्यात कारगिलच्या शिखरांवर घुसखोर असल्याचे उघड झाले, तेव्हा दिल्लीत काळजीवाहू सरकार होते आणि निवडणूक पुढे उभी होती. तोलोलिंग किंवा टायगर हिल चढून जाणाऱ्या कोणा जवानाने ‘वर बहुमत कोणाचे?’ असे विचारले नाही. विचारायची गरजच नव्हती, कारण त्याला आज्ञा देणारी व्यवस्था सरकार पडल्याने पडत नाही. तुम्ही त्या वेळी तेरा वर्षांच्या नोकरीचे जवान होतात. हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असणार.

मग निष्ठा कोणाशी? तुमच्या कसम परेडचा दिवस डोळ्यांपुढे आणा. निशाण समोर, धर्मगुरू बाजूला आणि रिक्रूटांच्या रांगेत उभे राहून एका सुरात म्हटलेले ते शब्द. कायद्याने स्थापन झालेल्या भारताच्या संविधानाशी खरी निष्ठा आणि श्रद्धा राखीन; जमिनीवरून, समुद्रातून किंवा हवेतून जिथे पाठवाल तिथे जाईन; राष्ट्रपतींच्या आणि माझ्यावर नेमलेल्या अधिकाऱ्याच्या आज्ञा प्राण धोक्यात घालूनही पाळीन, असा त्या शपथेचा आशय. त्यात पंतप्रधानांचे नाव नाही, पक्षाचे तर नाहीच. प्रत्येक शब्द तोलून घातलेल्या त्या मजकुरात पक्ष नसणे हा काही विसराळूपणा नव्हे.

ज्या संविधानाची ती शपथ आहे, त्याचा मसुदा करणाऱ्या समितीचे अध्यक्ष एका सुभेदाराचे चिरंजीव होते, आणि तेही तुमच्या साताऱ्यात वाढलेले. सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर साताऱ्यात राहिले आणि त्यांचा भीमराव ७ नोव्हेंबर १९०० रोजी तिथल्या सरकारी शाळेत दाखल झाला, ती आजची प्रतापसिंह हायस्कूल. हा केवळ गावचा अभिमान म्हणून सांगत नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील आपल्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी जो इशारा दिला, तो तुमच्या प्रश्नाला थेट भिडतो. धर्मात भक्ती हा आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असू शकेल, पण राजकारणात भक्ती किंवा व्यक्तिपूजा हा अधोगतीचा आणि अखेर हुकूमशाहीचा हमखास मार्ग आहे, असे ते म्हणाले. फौजी घरात वाढलेल्या माणसाने निष्ठेचे मोल कमी लेखले असेल असे मला वाटत नाही. ती निष्ठा कुठे नेऊन ठेवायची, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

‘सैनिकाने निष्ठा बदलू नये’ हे तुमचे वाक्य ऐकायला सरळ आहे, पण तुमच्याच पलटणींच्या इतिहासात ते सरळ राहिलेले नाही. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले, तेव्हा हजारो हिंदी सैनिक जपान्यांचे युद्धकैदी झाले आणि राजाच्या नावाने शपथ घेतलेल्या त्या माणसांपैकी अनेकजण आझाद हिंद सेनेत गेले. सावंतवाडीकडचे जगन्नाथराव भोसले हे त्या सेनेच्या सर्वोच्च अधिकाऱ्यांपैकी एक. पुढे ते स्वतंत्र भारतात उपमंत्री झाले. त्याच छावण्यांतले दुसरे अनेकजण जुन्या शपथेशी चिकटून राहिले आणि हाल सोसत कैदेत मेले. दोघांपैकी बेइमान कोण, हे मी आजही ठरवू शकत नाही, आणि ठरवू नये असे मला वाटते. देशाने आझाद हिंद सेनेच्या माणसांचा गौरव केला, मात्र त्यांना फौजेत परत घेतले नाही. ही गाठ स्वतंत्र देशाने कशी सोडवली ते पाहा : शपथच अशा जागी नेऊन ठेवली, की सरकार बदलले, नेता गेला, पक्ष फुटला तरी शिपायावर असा प्रसंग पुन्हा येऊ नये.

शपथ अशा जागी टिकवू न शकलेल्या एका प्रजासत्ताकाची हकिगत सांगतो. ती दूरची आहे, पण मला ती वारंवार आठवते.

पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत प्रजासत्ताक आले. व्हर्सायच्या तहाने त्याला एक लाखाची फौज ठेवू दिली. १९२१ च्या लष्करी कायद्याने शिपायांचा मतदानाचा हक्कच स्थगित केला. सैनिक राजकारणाबाहेर राहावा हा हेतू. पण मत काढून घेतले म्हणून मन रिकामे झाले नाही. १९३० साली उल्म या गावच्या तोफखाना रेजिमेंटमधल्या शेरिंगर, लुडिन आणि वेंट या तीन लेफ्टनंटांवर राजद्रोहाचा खटला चालला. फौजेतल्या इतर तरुण अधिकाऱ्यांना ते नाझींच्या बाजूने वळवत होते. उठाव झाला तर फौजेने त्यावर गोळी झाडू नये, असा त्यांचा प्रयत्न होता. त्यांच्या रेजिमेंटचे कमांडर लुडविग बेक न्यायालयात आले आणि आपल्या पोरांच्या बाजूने बोलले. तिघांना दीड-दीड वर्षाची शिक्षा झाली.

पुढे काय झाले? नाझी म्हणून तुरुंगात गेलेला शेरिंगर १९३१ साली आतूनच कम्युनिस्ट झाल्याचे जाहीर करता झाला. लुडिन नाझीच राहिला, स्लोव्हाकियात हिटलरचा राजदूत झाला, तिथल्या ज्यूंच्या हद्दपारीत त्याचा हात होता आणि १९४७ साली तो ब्रातिस्लाव्हात फासावर गेला. कमांडर बेक सेनेच्या जनरल स्टाफच्या प्रमुखपदापर्यंत चढले, १९३८ साली युद्धाच्या तयारीला विरोध करून पायउतार झाले, हिटलरला मारण्याच्या कटाचे पुढारी बनले आणि २० जुलै १९४४ ला तो कट फसल्यावर त्याच रात्री बर्लिनमध्ये मरण पावले. एका रेजिमेंटची माणसे, एका खटल्यात एकत्र आलेली. मते कुठल्या कुठे गेली.

या सगळ्यांत घातक काय ठरले? माझ्या मते मते बदलणे नव्हे. बेक यांचे मत बदलले ही तर त्यांची थोरवी आहे. घातक ठरली ती शपथ. १९१९ मध्ये जर्मन शिपाई राज्यघटनेशी निष्ठेची शपथ घेत होता. १९३३ च्या अखेरीस तिच्यातून ‘राज्यघटना’ हा शब्द गळला. २ ऑगस्ट १९३४ रोजी वृद्ध राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग वारले आणि त्याच दिवशी सगळ्या फौजेकडून एका माणसाचे नाव घेऊन बिनशर्त आज्ञापालनाची शपथ घेण्यात आली. ती बेक यांनीही घेतली. पुढे कित्येक चांगले अधिकारी, समोर काय चालले आहे हे कळत असूनही, ‘मी शपथ दिली आहे’ या एका वाक्याशी अडून राहिले. सुभेदारसाहेब, ‘एकदा दिलेली निष्ठा बदलू नये’ हे वाक्य चुकीच्या जागी ठेवले, तर ते माणसाला इथवर नेते.

आपल्या संविधानकारांनी उलट वाट धरली. अनुच्छेद ३३ नुसार सैनिकाचे काही मूलभूत हक्क संसद आवळू शकते, आणि तिने ते आवळलेही आहेत. पण मत त्याच्या हातात ठेवले आहे. म्हणजे गणवेशात तो कोणत्या पक्षाचा नाही, आणि मतदार म्हणून त्याला दर पाच वर्षांनी पुन्हा पहिल्यापासून विचार करण्याची मुभा आहे. मत बदलता येते म्हणूनच बंदूक वळवावी लागत नाही. मुलाने जे केले, ते बहकणे आहे असे मला वाटत नाही. त्याने निवडलेला पक्ष चांगला की वाईट, यावर मी बोलणार नाही, ते माझे काम नव्हे. पण तुमच्या पत्रात एक गोष्ट मला सापडली नाही : त्याने मत का बदलले, हे तुम्ही त्याला विचारल्याचा उल्लेख कुठेच नाही.

विचारून पाहा. सीमेवरच्या चौकीत बसलेल्या हवालदाराला देश ज्या बाजूने दिसतो, ती बाजू गावच्या पारावरून दिसत नाही. समान पद, समान पेन्शनचा हिशेब, २०२२ पासून अग्निपथ योजनेखाली चार वर्षांसाठी येणारी पोरे आणि त्यांना हाताखाली घेऊन तयार करणारे हवालदार, वर मिळणारी रस्त्याची, थंडीच्या कपड्यांची, सुट्टीच्या गाडीची सोय, हे सगळे त्याच्या रोजच्या जगण्यात आहे. यांतून कोणी सरकारच्या बाजूला झुकतो, कोणी विरोधात जातो, आणि दोघेही आपापल्या अनुभवाशी प्रामाणिक असू शकतात. २०१५ च्या उन्हाळ्यात जंतरमंतरवर पेन्शनसाठी बसलेल्या माजी सैनिकांत सगळ्या मतांचे लोक होते. त्यांपैकी कित्येकांनी आधी कोणाला मत दिले आणि पुढे कोणाला दिले, यावरून त्यांच्या देशभक्तीचे मोजमाप करावे असे तुम्हालाही वाटणार नाही.

आता तुमच्या चुकीकडे येतो.

सैनिकाला प्रतिनिधीमार्फत मत देण्याची सोय २००३ मध्ये झाली. टपालाने जाणारी मतपत्रिका चौकीपर्यंत पोचून मतमोजणीआधी परत येईलच याची खात्री नसायची, म्हणून. प्रतिनिधी त्याच मतदारसंघात राहणारा असावा लागतो आणि सैनिकाने त्याला ठरलेल्या नमुन्यात लेखी नेमावे लागते. तुम्ही केंद्रात गेलात, तेव्हा तुमच्या स्वतःच्या मताची शाई डाव्या हाताच्या तर्जनीला लागली आणि मुलाच्या मताची शाई शेजारच्या मधल्या बोटाला. हा नियम करणाऱ्याने ती दोन बोटे वेगळी ठेवली, ही गोष्ट मला मोठी वाटते. परेडला वीरपत्नी येते तेव्हा पतीची पदके ती उजव्या छातीवर लावते; आपली पदके डावीकडे, दुसऱ्याने कमावलेली उजवीकडे, अशी फौजेची रीत तुम्हाला ठाऊक आहे. ते मधले बोट तसेच होते. ते तुमच्या हाताचे असले, तरी त्या दिवसापुरते तुमचे नव्हते.

संत्री ज्या कोताची, म्हणजे शस्त्रागाराची, राखण करतो, त्यातली हत्यारे त्याच्या मालकीची नसतात. हवाली केलेली वस्तू आपल्या मर्जीने वापरायची नाही, हे तुम्ही २६ वर्षे पाळलेत आणि हाताखालच्यांकडून पाळून घेतलेत. मुलाने मत बदलले, ही बेइमानी नव्हे. पण त्याने विश्वासाने सोपवलेले मत तुम्ही आपल्या मनाप्रमाणे वापरलेत आणि वर खोटे सांगितलेत, इथे मात्र ती शब्दशः घडली आहे. हे लिहिताना मला बरे वाटत नाही. पण झोप न लागण्याचे कारण हेच आहे, आणि ते तुम्हाला आतून कळलेले आहे म्हणूनच तुम्ही पत्र लिहिलेत.

ते मत परत आणता येणार नाही. खरे सांगता येईल, आणि ते सांगावे असे माझे स्पष्ट मत आहे. काही हितचिंतक तुम्हाला म्हणतील, ‘झाले गेले, कशाला उकरता, पुढच्या वेळी त्याच्या मनासारखे करा म्हणजे फिटले.’ हा मार्ग मोहाचा आहे, आणि घरात शांतताही राहील. पण मग तुमचे ‘मत टाकले रे’ हे प्रत्येक वाक्य तुम्हालाच टोचत राहील. आणि ज्या मुलाने तुम्हाला ‘मला शिकवता, मग तुमचे काय?’ असे विचारले आहे, त्याला खरे उत्तर कधीच मिळणार नाही. सांगण्याची वेळ मात्र नीट निवडा. तो ड्युटीवर असताना, तुटक्या नेटवर्कवर, दोन मिनिटांच्या फोनमध्ये ही गोष्ट सांगू नका; रात्रभर पहाऱ्यावर ते ओझे घेऊन उभा राहील. तो सुट्टीवर येईल, प्रवासाचा शीण उतरेल, तेव्हा शेताकडे जाताना दोघेच असताना सांगा. सुरुवात त्याच्या स्टेटसपासून, त्याच्या पक्षापासून किंवा पुढाऱ्यांपासून करू नका. ‘तुझे मत मी तू सांगितलेस तिकडे टाकले नाही, आणि तुला खोटे सांगितले’ एवढेच म्हणा, आणि त्याला बोलू द्या. तो रागावेल. कदाचित सुट्टीचे चार दिवस बोलणार नाही. तो त्याचा हक्क आहे. त्या चार दिवसांत ‘मी बाप आहे’ हे हत्यार काढू नका.

त्यानंतर मताची व्यवस्था त्याच्याकडे सोपवा. प्रतिनिधीची नेमणूक सैनिक कधीही रद्द करू शकतो किंवा दुसऱ्याला नेमू शकतो. फक्त नवी नेमणूक उमेदवारी अर्ज भरण्याच्या शेवटच्या तारखेपूर्वी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पोचावी लागते, म्हणून हे काम निवडणूक जाहीर होण्याची वाट न पाहता करावे. दुसरा मार्ग असा, की प्रतिनिधी ठेवूच नये आणि टपाली मतदान स्वीकारावे. आता सैनिकाची मतपत्रिका संगणकाद्वारे त्याच्या युनिटपर्यंत जाते. तो ती छापून घेतो, खूण करतो, घोषणापत्रासह पाकिटात बंद करतो आणि टपालाने परत पाठवतो. जाण्याकडचा वेळ वाचल्यामुळे पूर्वीची अडचण बरीच कमी झाली आहे. पाकीट मतमोजणी सुरू होण्याआधी पोचले पाहिजे, एवढी एकच धास्ती उरते. बर्फात अडकलेल्या चौकीवर ती खरीही असते. माझ्या मते तुमच्या घरासाठी सध्या हाच मार्ग बरा. तुमच्यावर विश्वास ठेवणे त्याला पुन्हा जमेल, पण ते त्याने स्वतः ठरवावे, तुम्ही मागू नये. आणि त्याने पुन्हा तुम्हालाच नेमले, तर तो सांगेल तिथे बटण दाबावे. ते मनाला पटत नसेल, तर नेमणूक नम्रपणे नाकारावी. तिसरा पर्याय नाही. ज्या घरांत असे प्रतिनिधी आहेत, मग ती पत्नी असो, भाऊ असो की आई, त्या सर्वांनी हे आपापसांत आधीच बोलून ठेवावे.

त्याच्या स्टेटसबद्दल तुमची काळजी रास्त आहे, मात्र कारण दुसरे आहे. सेवेत असलेल्या सैनिकाला राजकीय सभेला किंवा मोर्चाला जाता येत नाही, पक्षाचे सभासद होता येत नाही, पक्षाला वर्गणी देता येत नाही आणि कोणत्याही उमेदवाराचा प्रचार करता येत नाही. १९५४ च्या सेना नियमांत हे स्पष्ट लिहिले आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार उमेदवाराने आपल्या विजयासाठी सैन्यदलातल्या माणसाची मदत घेणे हे भ्रष्ट आचरण ठरते. नेत्याचा फोटो स्टेटसला ठेवणे म्हणजे प्रचार की नाही, यावर वाद घालता येईल, पण तो वाद कमांडिंग ऑफिसरसमोर उभे राहून घालण्याची वेळ त्याने स्वतःवर का आणावी? हे त्याला जरूर सांगा. फक्त, त्याने तुमच्या पक्षाच्या नेत्याचा फोटो ठेवला असता तरी तुम्ही हेच सांगितले असते का, याचे उत्तर आधी स्वतःला द्या. ते ‘होय’ असेल तरच तुमच्या सांगण्यात वजन राहील.

राहिले व्यासपीठ. तुम्ही आता सेवेत नाही. नागरिक म्हणून कोणत्याही पक्षात जाण्याचा, भाषण करण्याचा, निवडणूक लढवण्याचासुद्धा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे, आणि माजी सैनिकांनी राजकारणापासून दूर राहावे असे मी मुळीच म्हणणार नाही. गावाला शिस्तीच्या माणसांची गरज आहे. तुम्हाला त्या पक्षाचे पटत असेल, तर स्वतःच्या नावाने, साध्या सदऱ्यात जा. पदके घरी ठेवा. ती कोणा पक्षाच्या कामासाठी मिळालेली नाहीत. निवडणूक आयोगाने २०१३ मध्ये आणि पुन्हा मार्च २०१९ मध्ये प्रचारात सैनिकांची छायाचित्रे वापरू नयेत असे पक्षांना बजावले, ते याच भावनेतून. फोटो वापरायचा नाही, तर जिवंत माणसाला पदकांसह उभे करणे कसे चालेल, हा प्रश्न तुम्ही त्या पुढाऱ्यांना शांतपणे विचारू शकता.

संघटनेची गोष्ट याहून नाजूक आहे. तुमच्या संघटनेकडे कोण येते ते बघा. पेन्शनचा ‘स्पर्श’ प्रणालीतला घोळ घेऊन एखादी म्हातारी वीरपत्नी येते, हयातीच्या दाखल्यासाठी अंगठा उमटत नाही म्हणून एखादा थकलेला नाईक येतो, दवाखान्याच्या कार्डासाठी कोणी, कॅन्टीनच्या कार्डासाठी कोणी. मी अशा एका कार्यालयात एकदा तासभर बसलो होतो. टेबलाच्या काचेखाली जुन्या पलटणीचा फोटो होता, आणि एक बाई पिशवीतून कागद काढताना प्रत्येक कागद दोनदा उलगडून पाहत होती, चुकीचा तर देत नाही ना म्हणून. तिला समोरच्या माणसाचा पक्ष ठाऊक नव्हता आणि त्याला तिचा. ज्या दिवशी संघटनेच्या दारावर एका पक्षाचा फलक लागेल, त्या दिवशी दुसऱ्या पक्षाच्या वस्तीतली अशी बाई दारातून परत जाईल, आणि ती परत गेल्याचे तुम्हाला कळणारही नाही. म्हणून संघटनेने पाठिंबा जाहीर करू नये, असे माझे मत आहे. हवे तर सर्व उमेदवारांना एकाच दिवशी बोलवा, माजी सैनिकांच्या मागण्या त्यांच्यापुढे ठेवा, उत्तरे लिहून घ्या आणि ती उत्तरे कार्यालयाच्या भिंतीवर लावा. कोणाला ते पुरेसे वाटणार नाही. पुढारी नाराज होतील, पुढच्या कार्यक्रमाचा मंडप त्यांच्याकडून मिळणार नाही. तेवढे सोसावे.

एक गोष्ट शेवटी विचारतो, कारण तुमच्या पत्रात ती जाता जाता आली आहे आणि मला ती ओलांडून जाता येत नाही. ‘घराचे मत’ असे तुम्ही लिहिता. मतदार यादीत घराला मत नसते; तुमच्या घरची चार वेगळी नावे तिच्यात छापलेली आहेत. तुमच्या पत्नीने तुमच्या २६ वर्षांच्या नोकरीत बहुतेक काळ एकटीने घर, शेत आणि पोरे सांभाळली असणार. सूनबाई आज तेच करत आहेत. सैनिकांसाठी सरकारने काय केले आणि काय नाही, याचा हिशेब त्यांच्याइतका कोणाजवळ पक्का असेल? मुलाचे मत आणि या दोघींची मते, तिन्ही ठिकाणी तुमच्या हातून झाले ते एकच. फरक इतकाच, की मुलाने फोन करून आपले म्हणणे सांगितले, आणि या दोघींना तशी संधीच मिळाली नाही. पुढच्या मतदानाच्या दिवशी तुम्ही केंद्राच्या रांगेत उभे राहाल, तेव्हा दोघींना पुढे जाऊ द्या, आणि त्या बाहेर आल्यावर काही विचारू नका.